नाशिकचे महापौरपद : निवड, आरक्षण आणि अधिकार (१९८२ ते २०२६)
पंचवटीच्या विशेष संदर्भात

प्रस्तावना

४ नोव्हेंबर २०२५ रोजी अमेरिकेतील न्यूयॉर्क शहराच्या महापौरपदासाठी मतदान झाले. वीस लाखांहून अधिक नागरिकांनी मतदानाचा हक्क बजावला. १९६९ नंतर त्या शहराच्या महापौर निवडणुकीत एवढे मतदान झाले नव्हते. झोहरान ममदानी विजयी झाले आणि १ जानेवारी २०२६ रोजी त्यांनी पदाची सूत्रे स्वीकारली. त्यानंतर दोनच आठवड्यांनी, १५ जानेवारी २०२६ रोजी, नाशिक महानगरपालिकेसाठी मतदान झाले. पंचवटीतील मतदाराने त्या दिवशी आपल्या प्रभागातील उमेदवारांना मते दिली. महापौरपदासाठी त्याने मत दिले नाही, कारण तशी तरतूदच महाराष्ट्राच्या महानगरपालिका कायद्यात नाही.

हा भेद केवळ मतदानपद्धतीचा नाही. न्यूयॉर्कचा महापौर हा शहराचा कार्यकारी प्रमुख असतो. खातेप्रमुखांच्या नेमणुका तो करतो व शहराचे अंदाजपत्रक तोच मांडतो. नाशिकचा महापौर हा शहराचा प्रथम नागरिक व सर्वसाधारण सभेचा अध्यक्ष असतो, परंतु कार्यकारी सत्ता शासननियुक्त आयुक्तांकडे असते. असे असूनही नाशिकमध्ये महापौरपदासाठी अनेकदा मोठी चुरस झाली आहे. ज्या पदाला कार्यकारी अधिकार नाहीत त्यासाठी एवढी चुरस का, त्या पदाची दारे कोणाला उघडली आणि दारे उघडल्यावर आत काय मिळाले, या प्रश्नांचा विचार प्रस्तुत निबंधात केला आहे. आरक्षणामुळे महापौरपद समाजातील नव्या घटकांपर्यंत पोहोचले, पण पदाचे अधिकार मात्र जुन्याच चौकटीत राहिले, हे या निबंधाचे मुख्य प्रतिपादन आहे. या विसंगतीचे परिणाम पंचवटीच्या संदर्भात विशेष स्पष्टपणे दिसून येतात.

आयुक्तप्रधान रचनेचा वारसा

महाराष्ट्रातील महापौरपदाचे स्वरूप समजण्यासाठी एकोणिसाव्या शतकातील मुंबईकडे जावे लागते. १८६५ च्या कायद्याने मुंबई शहराचा कारभार नगरपालिका आयुक्तांच्या हाती एकवटला. आर्थर क्रॉफर्ड यांनी या पदावरून शहरसुधारणेची अनेक कामे केली, पण त्यांच्या कारकिर्दीतील वाढत्या खर्चामुळे करदात्यांत असंतोष पसरला. १८७१ मध्ये या प्रश्नावर जो वाद झाला त्यात तरुण फिरोजशहा मेहता यांनी घेतलेली भूमिका लक्षणीय आहे. कार्यकारी अधिकार एका जबाबदार अधिकाऱ्याकडेच असावेत, मात्र त्याच्यावर लोकनियुक्त सभेचे नियंत्रण असावे, असे त्यांचे मत होते. १८७२ च्या कायद्याने करदात्यांना प्रतिनिधी निवडण्याचा अधिकार मिळाला. पुढे १८८८ च्या कायद्याने महानगरपालिका, स्थायी समिती व आयुक्त अशी त्रिस्तरीय रचना स्थिर केली. सभेचा अध्यक्ष सदस्यांमधून निवडला जाई. १९३१ मध्ये या अध्यक्षास ‘महापौर’ ही उपाधी मिळाली आणि जे. बी. बोमन बेहराम हे मुंबईचे पहिले महापौर ठरले. उपाधी बदलली, पण अधिकार बदलले नाहीत.

यावरून एक गोष्ट ध्यानात येते. आयुक्तप्रधान रचना ही निव्वळ परकीय सत्तेने लादलेली होती असे म्हणणे इतिहासाला धरून होणार नाही, कारण तत्कालीन नेमस्त नेतृत्वाचीही तिला संमती होती. तथापि त्या नेतृत्वाला अभिप्रेत असलेले लोकनियुक्त सभेचे नियंत्रण ही त्या रचनेची दुसरी बाजू होती. स्वातंत्र्यानंतर मुंबई प्रांतिक महानगरपालिका अधिनियम, १९४९ संमत झाला. पुढे त्याचे नाव महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम असे करण्यात आले. मुंबई वगळता राज्यातील महानगरपालिकांचा कारभार आज याच कायद्याने चालतो. त्यातही कार्यकारी सत्ता आयुक्तांकडेच ठेवण्यात आली. महापौरांकडे सभेचे अध्यक्षस्थान, प्रशासनाकडून माहिती मागविण्याचा अधिकार आणि समसमान मते पडल्यास निर्णायक मत एवढेच राहिले. आर्थिक निर्णयांत सोळा सदस्यांची स्थायी समिती महत्त्वाची ठरते. आयुक्त अंदाजपत्रक प्रथम याच समितीसमोर मांडतात. त्यामुळे महानगरपालिकेच्या राजकारणात स्थायी समितीचे सभापतिपद महापौरपदाइतकेच, किंबहुना त्याहूनही अधिक, हवेहवेसे असते.

नगरपालिका ते महानगरपालिका

नाशिक नगरपालिकेची स्थापना १८६४ मध्ये झाली. गोदावरीच्या उजव्या तीरावरील जुने नाशिक व डाव्या तीरावरील पंचवटी मिळून हे शहर बनले होते. स्वातंत्र्योत्तर काळात सातपूर येथील औद्योगिक वसाहत, नाशिकरोड येथील सरकारी मुद्रणालये आणि सिडकोची गृहवसाहत यांमुळे शहराचा विस्तार झाला. ७ नोव्हेंबर १९८२ रोजी नाशिक, नाशिकरोड-देवळाली, सातपूर व सभोवतालची गावे एकत्र करून नाशिक महानगरपालिका अस्तित्वात आली. पंचवटी परिसरातील म्हसरूळ, मखमलाबाद, आडगाव, नांदूर ही मूळची शेतीप्रधान गावेही शहराच्या हद्दीत आली.

महानगरपालिका आली, पण लोकनियुक्त सभा लगेच आली नाही. पहिली सार्वत्रिक निवडणूक १९९२ मध्ये झाली. तोपर्यंत सुमारे दहा वर्षे कारभार प्रशासकांच्या हाती होता. याच काळात गावांचे शहरात रूपांतर होत होते. ज्या ग्रामस्थांना ग्रामपंचायतीत सरपंच गाठता येत असे, त्यांना दशकभर एकही नगरसेवक नव्हता. १९९२ च्या निवडणुकीनंतर शांतारामबापू वावरे हे नाशिकचे पहिले महापौर झाले.

त्याच वर्षी संसदेने चौऱ्याहत्तरावी घटनादुरुस्ती संमत केली व १ जून १९९३ पासून ती अमलात आली. या दुरुस्तीने नागरी संस्थांना पाच वर्षांची मुदत दिली, मुदत संपण्यापूर्वी निवडणूक घेण्याचे बंधन घातले, अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती व महिला यांच्यासाठी जागा राखीव केल्या. मात्र अध्यक्षपदाची निवड कशी व्हावी आणि त्या पदाचे आरक्षण कसे असावे, हे दोन्ही विषय तिने राज्य विधिमंडळांवर सोपविले. महापौरपदाचे भवितव्य त्यामुळे मुंबईतील विधिमंडळाच्या निर्णयावर अवलंबून राहिले.

सभागृहातील निवडणूक

नाशिकचा महापौर नगरसेवकांमधून नगरसेवकच निवडतात. ही निवडणूक महापालिकेच्या मुख्यालयात, राजीव गांधी भवनात, विशेष सभेत होते. पीठासीन अधिकारी महसूल खात्यातील ज्येष्ठ अधिकारी असतो व सदस्य हात उंचावून मतदान करतात. पदाची मुदत आरंभी एक वर्षाची होती, पुढे ती अडीच वर्षांची झाली. परिणामी पाच वर्षांच्या एका सभागृहात दोन महापौर होतात आणि दोन्ही वेळी संख्याबळाचे गणित नव्याने मांडावे लागते.

२०१२ ते २०१७ या कालखंडातील घडामोडी या पद्धतीचे स्वरूप स्पष्ट करतात. २०१२ मध्ये १२२ सदस्यांच्या सभागृहात महाराष्ट्र नवनिर्माण सेनेने ४० जागा मिळवून प्रथम क्रमांक पटकावला. बहुमतासाठी ६२ सदस्य आवश्यक होते. भारतीय जनता पक्षाच्या पाठिंब्याने मनसेचे यतिन वाघ महापौर झाले व उपमहापौरपद भाजपचे सतीश कुलकर्णी यांच्याकडे गेले. अडीच वर्षांनी, सप्टेंबर २०१४ मध्ये, हेच सभागृह पुन्हा मतदानास बसले. या वेळी भाजप मनसेसोबत नव्हता. काँग्रेस व राष्ट्रवादी काँग्रेस यांच्या साहाय्याने मनसेचे अशोक मुर्तडक महापौर झाले आणि अपक्ष गुरुमित बग्गा उपमहापौर. मतदार तेच, नगरसेवक तेच, सर्वांत मोठा पक्षही तोच, पण सत्तेची जुळणी पूर्णतः वेगळी. ज्या मतदाराने २०१२ मध्ये मत दिले, त्याला या दोहोंपैकी कोणत्याही जुळणीविषयी विचारले गेले नव्हते.

२०१७ मध्ये भाजपला १२२ पैकी ६६ जागा मिळाल्या. शिवसेना ३५, काँग्रेस व राष्ट्रवादी प्रत्येकी ६ आणि मनसे ५ असे अन्य प्रमुख पक्षांचे बलाबल होते. स्पष्ट बहुमत असल्याने रंजना भानसी यांची निवड सुकर झाली. २२ नोव्हेंबर २०१९ रोजी सतीश कुलकर्णी महापौर झाले तेव्हा राज्यात सत्तास्थापनेचा पेच चालू होता. प्रतिस्पर्धी उमेदवारांनी माघार घेतल्याने त्यांची निवड बिनविरोध झाली. २०१२ च्या आघाडीतील उपमहापौर २०१९ मध्ये महापौर झाला, हा प्रवासही सभागृहातील गणितांमधूनच घडला.

अशा निवडणुकीत पक्षांतरबंदीचा कायदा, पक्षादेश आणि मतदानापूर्वी नगरसेवकांना ‘सहली’च्या निमित्ताने परगावी ठेवण्याची प्रथा यांचे महत्त्व वाढते. सर्वच पक्षांनी या प्रथेचा अवलंब केला आहे. निवडणुकीचा प्रचार रस्त्यावर होत नाही, त्यामुळे शहराच्या प्रश्नांवर जाहीर चर्चा होण्याचे प्रयोजनही उरत नाही. कोणता उमेदवार गोदावरीच्या प्रदूषणाविषयी काय करणार, हे सांगण्याची त्याला गरज भासत नाही. कोणते नगरसेवक कोणासोबत आहेत, एवढेच महत्त्वाचे ठरते.

आरक्षणाने उघडलेले दार

या चित्राची दुसरी बाजूही तितकीच महत्त्वाची आहे. महाराष्ट्रात महापौरपदाचे आरक्षण चक्राकार पद्धतीने व सोडतीद्वारे ठरते. नगरविकास विभाग मंत्रालयात ही सोडत काढतो. स्थानिक संस्थांतील महिलांचे आरक्षण २०११ मध्ये ५० टक्के झाले. या व्यवस्थेमुळे पद कोणाकडे जाणार हे पक्षश्रेष्ठींच्या इच्छेइतकेच सोडतीच्या चिठ्ठीवर अवलंबून राहू लागले.

१९९२ ते २०२२ या तीस वर्षांत डॉ. शोभा बच्छाव, नयना घोलप व रंजना भानसी या महिलांनी नाशिकचे महापौरपद भूषविले. या नोंदीचे मोल तुलनेने अधिक स्पष्ट होते. न्यूयॉर्क शहरात आजवर एकही महिला महापौर झालेली नाही. १८३७ मध्ये शहराचा दर्जा मिळालेल्या शिकागोत जेन बर्न १९७९ मध्ये व लोरी लाइटफुट २०१९ मध्ये अशा दोनच महिला निवडून आल्या. लॉस एंजेलिसला पहिली महिला महापौर, कॅरन बॅस, २०२२ च्या निवडणुकीने मिळाली. थेट निवडणुकीत पैसा, प्रसिद्धी आणि आधीपासूनची प्रतिष्ठा यांना जे झुकते माप मिळते, त्यात वंचित घटकांचा प्रवेश कठीण होतो. नाशिकमध्ये तो प्रवेश कायद्याने सुलभ केला.

पंचवटीच्या दृष्टीने २०१७ ची निवड विशेष अर्थपूर्ण आहे. त्या वर्षी महापौरपद अनुसूचित जमातीसाठी राखीव होते व पंचवटी विभागातील नगरसेविका रंजना भानसी त्या पदावर आल्या. नाशिक जिल्ह्याच्या पश्चिम भागात आदिवासी समाजाची मोठी वस्ती आहे. रोजगारासाठी शहरात आलेली अनेक कुटुंबे दिंडोरी रस्ता, पेठ रस्ता या परिसरात स्थिरावली आहेत. २ मार्च १९३० रोजी याच पंचवटीत डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या नेतृत्वाखाली काळाराम मंदिर प्रवेशाचा सत्याग्रह सुरू झाला होता. दादासाहेब गायकवाड, अमृतराव रणखांबे प्रभृतींनी तो पुढे नेला, परंतु मंदिराची दारे त्या लढ्यात उघडली नाहीत. सार्वजनिक स्थानांमध्ये समान प्रवेशाचा तो लढा आणि लोकप्रतिनिधित्वातील आरक्षण यांचा वैचारिक दुवा स्पष्ट आहे. पंचवटीतून आदिवासी समाजातील महिला शहराची प्रथम नागरिक होणे, ही घटना त्या दीर्घ प्रक्रियेच्या संदर्भात पाहिली पाहिजे.

महापौर आणि आयुक्त : २०१८ चा संघर्ष

दार उघडले, परंतु आत काय होते? रंजना भानसी यांच्या कारकिर्दीतच या प्रश्नाचे उत्तर मिळाले. फेब्रुवारी २०१७ च्या प्रचारात तत्कालीन मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी नाशिक ‘दत्तक’ घेण्याची घोषणा केली होती. शहराच्या विकासाचे आश्वासन शहराबाहेरील सत्ताकेंद्राने द्यावे आणि मतदारांनीही ते स्वाभाविक मानावे, यातच महापौरपदाच्या मर्यादेची अप्रत्यक्ष कबुली होती.

फेब्रुवारी २०१८ मध्ये तुकाराम मुंढे आयुक्त म्हणून रुजू झाले. मालमत्ता कराच्या आकारणीत, विशेषतः मोकळ्या जागांच्या मूल्यात, त्यांनी केलेल्या वाढीमुळे शहरात तीव्र प्रतिक्रिया उमटली. मखमलाबाद, आडगाव यांसारख्या गावठाणांतील व मळ्यांतील शेतकऱ्यांना हा प्रश्न जिव्हाळ्याचा वाटला. सर्वसाधारण सभेने करवाढीस विरोध केला. आयुक्तांच्या बाजूनेही युक्तिवाद होता. महापालिकेचे उत्पन्न वाढविल्याशिवाय सेवांचा दर्जा सुधारणे शक्य नाही, असे प्रशासनाचे म्हणणे होते आणि शिस्तप्रिय अधिकारी म्हणून त्यांना पाठिंबा देणारे नागरिकही बरेच होते.

कायद्यानुसार एकूण सदस्यांच्या पाच-अष्टमांश सदस्यांनी ठराव केल्यास शासनाला आयुक्तांना परत बोलवावे लागते. १२२ सदस्यांच्या सभागृहात ही संख्या ७७ होते. ऑगस्ट २०१८ मध्ये सत्ताधारी भाजपच्या नगरसेवकांनीच अविश्वास ठरावाची तयारी केली, परंतु मुख्यमंत्र्यांच्या सूचनेनंतर ठराव मागे घेण्यात आला. नोव्हेंबर २०१८ मध्ये आयुक्तांची बदली झाली, तीही शासनाच्या आदेशाने. म्हणजे वाद शहराचा, पक्ष महापौरांचा, बहुमत सभागृहात, पण आयुक्त ठेवावा की हलवावा याचा निर्णय दोन्ही वेळा मुंबईत झाला. १८७१ च्या वादात मेहतांनी ज्या ‘नियंत्रणा’ची कल्पना केली होती, ते नियंत्रण लोकनियुक्त सभेकडून राज्य शासनाकडे सरकले आहे, असा निष्कर्ष यावरून निघतो.

शिकागो १९८३ : एक तुलना

थेट निवडून आलेल्या महापौरास अधिकार असले म्हणजे प्रश्न सुटतो काय, हे पाहण्यासाठी शिकागोचे उदाहरण उपयुक्त आहे. १२ एप्रिल १९८३ रोजी हॅरॉल्ड वॉशिंग्टन हे त्या शहराचे पहिले कृष्णवर्णीय महापौर म्हणून निवडून आले. त्याआधी पक्षांतर्गत निवडणुकीत त्यांनी विद्यमान महापौर जेन बर्न व रिचर्ड एम. डेली यांचा पराभव केला होता. अंतिम लढतीत रिपब्लिकन पक्षाचे बर्नार्ड एप्टन यांच्यावर त्यांनी अल्प मताधिक्याने विजय मिळविला. मतदानावर वर्णभेदाचा ठसा स्पष्ट होता.

विजयानंतर खरा संघर्ष सुरू झाला. पन्नास सदस्यांच्या नगरसभेत एडवर्ड वर्डोल्याक यांच्या नेतृत्वाखालील २९ सदस्य महापौरांच्या विरोधात एकवटले. महापौरांसोबत २१ सदस्य राहिले. विरोधकांनी समित्यांवर ताबा मिळविला आणि महापौरांनी सुचविलेल्या नेमणुका रोखल्या. महापौरांकडे नकाराधिकार होता. तो रद्द करण्यास दोन-तृतीयांश बहुमत लागे आणि ते २९ सदस्यांकडे नव्हते. त्यामुळे अनेक निर्णय अडून राहिले. प्रभागरचनेत कृष्णवर्णीय व लॅटिनो मतदारांवर अन्याय झाल्याच्या खटल्यातून १९८६ मध्ये सात प्रभागांत विशेष निवडणुका झाल्या. सभागृह २५-२५ असे समसमान विभागले गेले आणि महापौरांच्या निर्णायक मताने कोंडी फुटली. १९८७ मध्ये ते पुन्हा निवडून आले, पण त्याच वर्षी २५ नोव्हेंबर रोजी त्यांचे निधन झाले.

शिकागोतील संघर्ष कटू होता, तरी तो दोन लोकनियुक्त सत्तांमधील होता आणि त्याचा निकाल न्यायालयाच्या आदेशानंतर अखेर शहरातील मतदारांनीच दिला. नाशिकमधील २०१८ चा संघर्ष लोकनियुक्त सभा व शासननियुक्त अधिकारी यांच्यात होता आणि त्याचा निकाल नाशिकच्या मतदारांच्या हाती नव्हता. समसमान मतांच्या प्रसंगी निर्णायक मत दोन्ही ठिकाणच्या महापौरांकडे आहे. शिकागोत ते नकाराधिकार व नेमणुकांच्या अधिकारांसह येते, नाशिकमध्ये ते जवळपास एकटेच येते.

पंचवटीचा अनुभव

पंचवटी हा महापालिकेच्या सहा विभागांपैकी एक विभाग आहे. रामकुंड, काळाराम मंदिर, तपोवन यांमुळे दर बारा वर्षांनी येणाऱ्या सिंहस्थ कुंभमेळ्याचा सर्वाधिक भार याच भागावर पडतो. येथील रस्त्यांची रुंदी, घाटांची रचना, साधुग्रामाची जागा हे निर्णय रहिवाशांच्या जीवनाशी निगडित आहेत. २७ ऑगस्ट २००३ रोजी रामकुंड परिसरातील अरुंद मार्गावर झालेल्या चेंगराचेंगरीत तीसहून अधिक भाविक मृत्युमुखी पडले. नियोजनातील त्रुटींची किंमत किती मोठी असते, हे त्या दिवशी पंचवटीने अनुभवले.

२०१५ च्या सिंहस्थात पंचवटीचेच रहिवासी असलेले अशोक मुर्तडक महापौर होते. स्वागत व सोहळे यांत महापौरांना मान होता, परंतु मेळ्याची मुख्य सूत्रे शासन, जिल्हा प्रशासन, पोलीस व आयुक्त यांच्याकडेच होती. पुढील सिंहस्थाच्या तयारीत तर महापौरच नव्हते. मार्च २०२२ मध्ये महापालिकेची मुदत संपली. इतर मागासवर्गीयांच्या आरक्षणाचा व प्रभागरचनेचा प्रश्न न्यायप्रविष्ट राहिल्याने निवडणूक लांबली. ६ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निवडणुका घेण्याचा आदेश दिला, तरी प्रत्यक्ष मतदान जानेवारी २०२६ मध्ये झाले. याच रिक्त काळात, २०२५ मध्ये, शासनाने विभागीय आयुक्तांच्या अध्यक्षतेखाली नाशिक-त्र्यंबकेश्वर कुंभमेळा प्राधिकरण स्थापन केले. २०१५ मध्ये महापालिका आयुक्त असलेले डॉ. प्रवीण गेडाम हे या वेळी विभागीय आयुक्त होते. प्रशासनाकडे अनुभवाचे सातत्य होते, लोकप्रतिनिधित्वाकडे मात्र सलग पोकळी होती.

नोव्हेंबर २०२५ मध्ये या पोकळीचा अर्थ ठळकपणे पुढे आला. साधुग्रामासाठी तपोवनातील सतराशेहून अधिक झाडांसंबंधी महापालिकेने जाहीर सूचना काढून हरकती मागविल्या. नागरिकांनी मोठ्या प्रमाणावर विरोध नोंदविला, आंदोलने झाली आणि प्रकरण राष्ट्रीय हरित लवादापर्यंत गेले. वृक्षसंरक्षणाच्या १९७५ च्या कायद्यानुसार वृक्ष प्राधिकरणात नगरसेवकांचा समावेश असतो. त्या वेळी नगरसेवकच नव्हते. वृक्ष हलविण्याचा प्रस्ताव, त्यावरील हरकती आणि त्यांचा निर्णय हे सर्व एकाच प्रशासकीय यंत्रणेकडे होते. लोकनियुक्त सभा असती तर निर्णय वेगळा झाला असता असे ठामपणे म्हणता येणार नाही, परंतु प्रश्न विचारण्याचे वैधानिक ठिकाण तरी उपलब्ध असते. पंचवटीतील रहिवाशांना ते रस्त्यावर व लवादात शोधावे लागले.

७ नोव्हेंबर १९८२ ते जानेवारी २०२६ या सुमारे ४३ वर्षांत १९९२ पूर्वीचे सुमारे एक दशक आणि २०२२ नंतरची जवळपास चार वर्षे नाशिकला लोकनियुक्त सभा नव्हती. महानगरपालिकेच्या एकूण आयुष्याचा जवळजवळ तिसरा हिस्सा प्रशासकीय राजवटीत गेला. महापौर निवडणुकीच्या पद्धतीविषयी चर्चा करताना ही वस्तुस्थिती दुर्लक्षिता येत नाही.

थेट निवडणुकीचा प्रश्न

महाराष्ट्राने थेट निवडणुकीचे प्रयोग नगरपरिषदांत केले आहेत. २००१ मध्ये नगराध्यक्षांची थेट निवड झाली, २००६ मध्ये ती पद्धत रद्द झाली, २०१६ मध्ये पुन्हा आली, २०२० मध्ये पुन्हा रद्द झाली व २०२२ मध्ये पुनश्च स्वीकारण्यात आली. सत्ताबदलाबरोबर पद्धत बदलत गेली, यावरून या निर्णयांमागे सिद्धान्तापेक्षा पक्षीय सोय अधिक होती असे दिसते. महानगरपालिकांत मात्र थेट निवडणूक कधीच आली नाही. १९९८ मध्ये मुंबई व नागपूर येथे महापौर परिषदेचा प्रयोग करून महापौरांना कार्यकारी अधिकार देण्यात आले, पण १९९९ मध्ये तो गुंडाळण्यात आला.

यातून एक विचित्र स्थिती निर्माण झाली आहे. सिंहस्थ त्र्यंबकेश्वर व नाशिक या दोन्ही ठिकाणी भरतो. डिसेंबर २०२५ च्या नगरपरिषद निवडणुकीत त्र्यंबकच्या मतदारांनी आपला नगराध्यक्ष थेट निवडला. तेथून सुमारे तीस किलोमीटर अंतरावरील पंचवटीच्या मतदाराला मात्र महापौर थेट निवडता येत नाही. लहान गावाला जो अधिकार योग्य मानला गेला, तो २०११ च्या जनगणनेनुसार सुमारे १४ लाख ८६ हजार लोकसंख्येच्या शहराला का नाकारला जावा, याचे समाधानकारक कारण कायद्यात आढळत नाही.

तथापि थेट निवडणूक हा सर्वरोगहारी उपाय मानणेही उचित नाही. अधिकार न वाढविता थेट निवड केली तर शहरभर मते मागणारा, पण कार्यकारी निर्णय घेऊ न शकणारा महापौर निर्माण होईल. आरक्षण न ठेवता थेट निवड केली तर तीन दशकांत उघडलेली दारे पुन्हा लोटली जाण्याची भीती आहे. त्यामुळे मुदतीत निवडणूक, आरक्षणाची सोडत आणि कार्यकारी अधिकार या तिन्ही बाबींचा विचार एकत्रितपणे होणे आवश्यक आहे.

समारोप

नाशिकच्या महापौरपदाच्या इतिहासातून काही निष्कर्ष निघतात. सभागृहातील अप्रत्यक्ष निवडीमुळे महापौराचे उत्तरदायित्व मतदारांपेक्षा आघाडीच्या घटकांकडे अधिक राहिले. २०१२ व २०१४ मधील परस्परविरोधी आघाड्या हे त्याचे उदाहरण होय. आरक्षणामुळे महिला व अनुसूचित जमातीतील व्यक्ती या पदापर्यंत पोहोचल्या. हे यश थेट निवडणूक घेणाऱ्या अमेरिकेतील मोठ्या शहरांनाही या प्रमाणात साधलेले नाही. मात्र कार्यकारी सत्ता आयुक्त व राज्य शासन यांच्याकडे राहिल्याने या प्रतिनिधित्वाचे रूपांतर निर्णयाधिकारात झाले नाही. उत्तमराव ढिकले, वसंत गिते, डॉ. शोभा बच्छाव, बाळासाहेब सानप हे माजी महापौर विधानसभा वा लोकसभेवर निवडून आले, यातही महापौरपद ही पुढील पायरी मानण्याची प्रवृत्ती दिसते. शहराचे निर्णय जेथे होतात तेथे जाण्याची ती स्वाभाविक धडपड आहे.

नाशिकमधील महापौरांच्या शासकीय निवासस्थानाचे नाव ‘रामायण’ आहे. पंचवटीच्या भूमीला ते साजेसे आहे. मार्च २०२२ पासून जवळपास चार वर्षे त्या वास्तूत महापौर नव्हते आणि त्याच काळात तपोवनासंबंधीचा प्रस्ताव पुढे आला. जानेवारी २०२६ च्या निवडणुकीने लोकनियुक्त सभा परत आली आहे. त्या सभेला आणि तिच्या महापौराला पंचवटीच्या घाटांविषयी, रस्त्यांविषयी व झाडांविषयी केवळ मत मांडता येईल की निर्णयही घेता येईल, यावर या पदाच्या पुढील इतिहासाचे स्वरूप अवलंबून राहील.